जॉप्लिनची वेळ

एकवीस वर्षं मी बेकरीत रात्री दोनला उठले.
वाटायचं, झोपेशी आपला हिशेब चुकता आहे.
ट्रकचं लायसन हातात पडून अकरा आठवडे झाले
आणि कळलं,
व्याज अजून चालूच होतं.

सव्वापाचला अंधारात टायर ठोकून पाहिले,
दिवे, ब्रेकची हवा, मागच्या दाराची कडी.
डॅशवरच्या पडद्यानं मोजायला सुरुवात केली:
चौदा तास, त्यात गाडी हाकायचे अकरा.
चौदा एकदा सुटले की सुटले.
तू थांबलीस तरी ते चालतात.

ग्रँड आयलंडच्या मांसाच्या कारखान्यात
वेळ दिली होती सहाची. धक्का क्रमांक नऊ.
खिडकीतला पोरगा च्युइंगम चघळत म्हणाला,
बसा, बोलावतो.
पावणेअकराला बोलावलं.
मधले तास कुणाच्या खात्यातून गेले
हे विचारायची खिडकी तिथं नव्हती.

ओडेल प्रुइट पाच आठवडे माझ्या शेजारी बसला,
शेंगदाणे खात, फार न बोलता.
त्यानं सांगितलं होतं,
"धक्क्यावर वाट बघू नकोस. धक्क्यावर झोप.
आणि बूट काढ.
बूट घालून आडवा झालेला माणूस झोपत नाही,
नुसता आडवा होतो."

मी बूट काढले नव्हते.
पोरगा केव्हाही बोलावेल, म्हणून.

नॉर्थ प्लॅटच्या पुढे पाटी येते, इथून मौंटन टाइम.
फोन एक तास मागं गेला, खूश झाल्यासारखा.
पण लॉगबुक मिझुरीतलंच,
कंपनीचा डेपो जिथं, तिथली वेळ, जॉप्लिनची.
आणि डोळे?
ते कुठल्याच पाटीचे नव्हते.

नेब्रास्का संपता संपत नाही.
कापलेला मका, बर्फाचे डाग, रेल्वे,
रेल्वेच्या मागं रेल्वे.
खिडकी उघडली. गाणं लावलं. गालावर चापट मारली.
झोपेला हे सगळं ठाऊक असतं.
ती बाहेर थांबून राहते, पाहुण्यासारखी,
आतल्यांचं भांडण संपेपर्यंत.

शायेन मागं टाकून चढ चढले, उतार लागला.
पुलाआधीची पाटी आठवते.
पुलानंतरची आठवते.

पूल आठवत नाही.

छत्तीस टन घेऊन मी त्यावरून गेले असणार,
नाहीतर हे लिहिलं नसतं.
पुढचे दहा मैल
स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटांची पेरं पांढरी.

लॅरामीच्या ट्रक स्टॉपला दोन जागा उरलेल्या,
तिसऱ्या प्रयत्नात एकीत मागं घुसले.
थर्मनला फोन केला.
तो म्हणाला, पडद्यावर दिसतंय मला,
दीड तास आहे अजून तुझ्याकडे. रॉलिन्स सहज होईल.
"घड्याळाकडे आहे," मी म्हटलं.
तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
बरं, गिऱ्हाइकाला कळवतो.
त्याच्या आवाजात राग होता की नव्हता
हे मी अर्धा तास चघळत बसले,
जो अर्धा तास झोपेचा होता.

बाहेर ऊन अजून रेंगाळलेलं.
पडद्याच्या फटीला कपड्याचे चिमटे लावले,
पाच लावले, सहावा सापडेना.
त्या एवढ्याशा फटीतून
आख्खं वायोमिंग आत बघत होतं.
शेजारच्या ट्रेलरचं फ्रीजचं यंत्र
घुरघुरतं, थांबतं,
आणि थांबलं की जाग येते.

बूट मात्र काढले.
जोडीनं ठेवले, नाकं दाराकडे.

जाग आली तेव्हा दोन वाजले होते.
जॉप्लिनचे.
पांघरुणाखाली माझे हात कणीक मळत होते,
रेटत, दुमडत, रेटत,
जणू भट्टी पेटलीय आणि डॉनेला दारात येऊन उभी आहे
ॲप्रन बांधत.

पडद्यावर विश्रांतीचे पावणेदोन तास बाकी.
उठावं, आवरावं, काचेवरचं बर्फ खरवडावं,
पूर्वीची सवय कानाशी बोलत होती.

हातांना म्हटलं, थांबा.
ओल्या फडक्याखाली आहे अजून.
आताच उघडलं
तर वीट होईल.