टपावरची गादी

ग्रिम्स्बीच्या गोदीत एकोणचाळीस वर्षं
मी माशांच्या पेट्या मोजल्या.
हॅडॉक, कॉड, पुन्हा हॅडॉक.
हिशेब चुकला की आधी विचारायचं,
मोजणारा कोण आणि पैसे कुणाचे.
हा धडा मला कुणी फुकट दिला नाही.

तर हे पत्र.
'प्रिय मिस्टर हेडली ब्रॉकलबँक,
आपलं वाहन सुपरमार्केटच्या आवारात
सात तास अठरा मिनिटं उभं होतं.
मुभा दोन तासांची.
शंभर पौंड. चौदा दिवसांत भरल्यास साठ.'
वर काळ्या-पिवळ्या चौकटी, सरकारी वाटाव्यात अशा,
आणि 'दंड' हा शब्द कुठेही नाही.
शोधून पाहा. तेवढं त्यांना कळतं.

सात तास अठरा मिनिटं!
मी त्या माणसाचा विचार करतो,
ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी गाडीत बसून राहिलेल्या हेडलीचा.
काय खाल्लं असेल त्यानं?
लघवीला कुठे गेला असेल?
सीगल मोजले असतील, सवयीनं.

खरं असं:
सव्वानऊला आत. पाव आणि सुतळी.
पावणेदहाला बाहेर, दुधाच्या ट्रकला इतका चिकटून
की कॅमेऱ्याला माझी नंबरप्लेट दिसलीच नाही.
चारनंतर पुन्हा आलो, बल्ब विसरला होता म्हणून.
यंत्रानं पहिलं येणं घेतलं, शेवटचं जाणं घेतलं
आणि मधला अख्खा दिवस गिळला.

पत्रासोबत दोन फोटो.
ज्याच्या हाती ससा तो पारधी, कबूल,
पण ससा जरा नीट बघायचा होता.
सकाळच्या फोटोत टपावर गादी आहे,
डबल बेडची, जुन्या पट्ट्यानं बांधलेली, एका अंगाला कललेली.
दुपारच्या फोटोत टप मोकळा.

मी लिहिलं: गादी पाहा.
उत्तर आलं: गादीच्या अनुपस्थितीवरून
वाहनाची अनुपस्थिती सिद्ध होत नाही.
शेजारची विनी थ्रॅशर हसता हसता खोकायला लागली.
"मग काय, चीजच्या फडताळात ठेवून आलास?"

मग वरचं अपील. रकाना सात:
'परिस्थितीचं सविस्तर वर्णन करावं.'
चहा गार झाला तरी मी पेन धरून बसलेला.
गादीच्या मधोमध एक उंचवटा होता,
सव्वीस वर्षं दोन बाजूंना दोन खळगे पडत गेले
की होतो तसा.
तिच्या बाजूचा खळगा मार्चपासून
हळूहळू वर येऊ लागला होता
आणि ते मला बघवेना.
ती मेली नाही. लिंकनला राहते, बरी आहे.
पण हे काय रकाना सातमध्ये लिहायचं?

लिहिलं:
कचरा डेपोची पावती जोडली आहे.
गादी, नग एक. वेळ बारा वाजून दहा मिनिटं.

महिन्यानं एका ओळीचं पत्र:
'सद्भावना म्हणून शुल्क रद्द.'
सद्भावना! पाकीटमारानं पाकीट परत करावं
आणि वर म्हणावं, भेट समजा.
विनी म्हणाली, सोड आता, जिंकलास ना.
तिच्या भाचीनं गेल्या वर्षी साठ भरले होते, निमूट.
तिचा हिशेब कुणी मोजायचा?

आता बाहेर पडताना पुढे ट्रक असला
की मी थांबतो,
चांगलं दहा हात अंतर ठेवून.
मागे हॉर्न वाजतात. वाजू देत.
काच खाली करतो, खांबावरच्या डोळ्याकडे बघतो:
घे, नीट मोज.
एक गाडी. एक माणूस.
टपावर काही नाही.