पेरभर

पहाटे पाच चाळीसला क्लेटन रेडिओवर हवामान वाचतो.
घसा अजून उघडलेला नसतो,
कागद सरकवल्याचा आवाजही ऐकू येतो:
दिवसभर ढगाळ. अधूनमधून हलका बर्फ,
अर्धा इंच, फार तर एक.
वारा आग्नेयेचा, बेताचा.
रात्री दहानंतर फिरेल. वायव्येचा.
पुढचं तो सावकाश वाचतो,
उधारीची वही वाचावी तसं:
बारा ते अठरा इंच. सरोवरावर चौदा फुटी लाटा.
गरज नसेल तर बाहेर पडू नका.

मी गरजेतला माणूस.
माझ्या ट्रकला पुढे अकरा फुटांचं पातं
आणि मागे सहा टन मीठमिश्रित वाळू.

खरा अंदाज मला काल रात्रीच कळला होता.
एक लांबलचक खनिजबोट, भोंगा न वाजवता,
भूशिराच्या आडोशाला नांगर टाकून बसली,
सगळे दिवे लावून.
पाहुणा मुक्कामालाच आलाय
हे त्याच्या पिशवीवरून कळावं तसं.

मग गावची नोंद. चाळीस वर्षं तेच वाक्य:
टेकडीवरच्या लेम्पी सालोंच्या फळीवर
गेल्या चोवीस तासांत,
आणि एक आकडा.
आज क्लेटन थांबला.
कागद पुन्हा सरकला.
"नोंद नाही," म्हणाला,
आणि घाईने शाळांच्या वेळांकडे वळला.

नोंद नाही.
शून्य नव्हे. शून्य त्या स्वतः फोन करून सांगतात,
ठासून, कुणी वाद घालणार असल्यासारखं.

टेकडीचा रस्ता माझ्या यादीत सातवा.
आज पहिला घेतला.
साफ करण्यासारखं काही नव्हतंच,
चाळणीतून निसटलेला रवाळ बर्फ,
दिव्याच्या झोतात,
खाली यावं की नाही ते ठरवत असलेला.
पातं डांबरावर नुसतं खरवडत होतं.
तरी उचललं नाही,
त्यांना ऐकू जावं म्हणून.

लेम्पी सालो मागच्या अंगणात उभ्या.
अंगात नवऱ्याचा कोट,
पायांत दोन वेगवेगळे बूट,
पांढऱ्या फळीसमोर, हातात पट्टी.
"आलास? वाच हे."

पट्टीवरचे आकडे त्यांना
ऑक्टोबरपासून दिसत नाहीत.
मग आजवर?
हातमोजा काढून त्यांनी तर्जनी पुढे केली.
एक पेर म्हणजे एक इंच.
अर्धं नख म्हणजे पाव.
"एकदाही चुकले नाही. पण आज हा एवढासा,
बोट टेकवावं तर विरघळतो.
दोनदा मोजला, दोनदा फळीच लागली.
आणि वादळाच्या आदल्या दिवशी
खोटा आकडा द्यायचा नसतो."

मी वाकून पाहिलं.
शून्य पूर्णांक तीन.
पाव खाऊन झाल्यावर बशीत उरतो
तेवढा चुरा.
त्यांच्या स्वयंपाकघरातून फोन लावला.
"कोण बोलतंय?" क्लेटनने विचारलं.
"टेकडीवरची फळी," मी म्हटलं.

दातांत साखरेचा खडा धरून आम्ही कॉफी प्यायलो.
लाकडं? आहेत. कंदील? आहे.
आजची रात्र गावात, बहिणीकडे काढाल?
"आणि फळी?" त्या म्हणाल्या.

वारा दहाला नाही, नऊ वीसलाच फिरला.
आधी बोटीचे दिवे पुसले, मग गावातले.
एक वाजता रस्त्यावर वीतभर.
तीननंतर मोजायला रस्ताच उरला नाही,
पात्याच्या आवाजावरून ओळखायचं,
हे डांबर, ही खडी, हा कुणाचा तरी टपालाचा डबा.
टेकडीवर तीनदा गेलो. तिन्ही वेळा
खिडकीत कंदील.

पाच चाळीसला नुसती खरखर.
मग क्लेटन, विहिरीतून बोलल्यासारखा:
टेकडीवरच्या लेम्पी सालोंच्या फळीवर,
गेल्या चोवीस तासांत,
तो थांबला.
कागद सरकला नाही.
"त्या म्हणतात, कोपरापर्यंत."