दुधाचा खाडा

सव्वापाच. कन्नमवार नगरात नळ नुसताच सुसकारतोय.
जिभेखाली थर्मामीटर, जुना, पाऱ्याचा;
बीप वाजणारा नको,
पडद्यापलीकडे आई झोपतात.
बोलायचं नाही, हलायचं नाही.
विघ्नेश डोळे मिटूनच विचारतो, "किती?"
मी त्याच्या तळहातावर आकडा गिरवते.

गोळ्यांनी डोकं धरायचं, म्हणून हे गणित.
कुठल्या रात्री पाठ, कुठल्या रात्री कूस,
त्याला आता पाढ्यासारखं येतं.

पतपेढीचं कॅलेंडर फ्रिजशेजारी.
पाळीच्या दिवसांवर पेन्सिलीचे ठिपके,
माशी बसून गेल्यासारखे.

आईंना वाटलं, दुधाचे खाडे.
एक तारखेला रामअवधचे पाच दिवस कापले.
"रोज आलो, माँजी, रोज!"
आई ठिपक्यांवर बोट आपटतात:
हा बघ, हा बघ, हा.
मी आत कणीक मळतेय,
कान तव्याइतके तापलेले.
मग जिन्यात गाठून त्याचे पैसे दिले.
त्यानं काही विचारलं नाही.
मोजलेही नाहीत.

असं सात महिने.
दर महिन्याला चार, नाहीतर पाच लिटर
माझ्या पर्समधून.

दिवाळीनंतर आम्ही तीच आकडेमोड
उलटी वाचायला घेतली.

ह्या महिन्यात ठिपका नाही.
अठरा दिवस पारा उतरलेला नाही.
विघ्नेश सकाळी "किती?" विचारायचा थांबलाय,
नुसता तळहात पुढे करतो.

आई चष्मा चढवून कॅलेंडरपुढे:
"बघ, दम दिला की सुधारतात माणसं.
एक खाडा नाही!"

मी पातेलं घेऊन दारात.
रामअवध माप ओततो,
आणि वरून एक धार,
हिशेबाबाहेरची.