नऱ्हे, तीन वेळा

सर्व्हरवर तीन नऱ्हे निघाली.
पहिल्यात चार हजार एकशे बारा घरं,
दुसऱ्यात तीनशे सतरा,
तिसऱ्यात एक.

इंदूरचा टेस्टर म्हणाला,
मॅडम, मला तर तिन्ही सारखीच दिसतात.
मलाही.
अक्षरं चौपट मोठी करून पाहिली:
न, मग र ची ती भुवई, मग ह, वर मात्रा.
एकाच ताग्यातून शिवलेल्या फ्रॉकमधल्या तिळ्या.

गाव महापालिकेत आलं तेव्हा
ग्रामपंचायतीचं दप्तर तीन वाटांनी आलं.
जुनं, घोलपांनी विंडोजवर टाइप केलेलं,
ज्या फॉन्टात रोमन अक्षरंच मराठीचं सोंग घेऊन बसायची.
फॉन्ट काढला की सोंग उतरायचं,
उरायचे टोप्या घातलेले ए आणि उलटी प्रश्नचिन्हं.
घोलपांना गाठलं वडगावच्या अमृततुल्यात.
काका, त्या र साठी कुठली कळ दाबायचात?
त्यांना सांगता येईना.
मग डोळे मिटून त्यांनी टेबलावर
बोटांनाच विचारलं.

दुसरी वाट एका आर्किटेक्टच्या मॅकवरून.
नकाशांच्या फाइलींची नावं.
तो मॅक र वेगळा ठेवतो, र खालचं टिंब वेगळं,
शिस्तीच्या घरात ताटं निराळी, वाट्या निराळ्या, तसं.

तिसरी कुणा कारकुनाच्या मोबाइलवरून:
र, पायमोड, आणि पुढे एक जोडचिन्ह,
ज्याला रुंदी नाही, शाई नाही,
नुसतं असणं आहे.

बाइट मोजले.
पंधरा. अठरा. अठरा.
आणि त्या दोन अठरांचीही
आपापसांत ओळख नाही.

तिसऱ्या नऱ्ह्यातलं एकुलतं घर
सुमन बबन कुऱ्हाडे यांचं.
गावात तोच र, आडनावातही तोच.
बाई दर महिन्याला खिडकीशी येतात,
पट्टी घ्या म्हणतात, नळ जोडायचाय.
खिडकीतला माणूस नाव टाकतो, शोधतो,
या नावाचं गावात कुणी नाही, म्हणतो.
मी गेले त्या मंगळवारी त्यांनी
पिशवीतून, पिशवीतल्या पिशवीतून
चौऱ्याण्णव सालची पावती काढली.
निळी शाई. र ची भुवई इतकी लांब
की ह च्या पोटाला टेकलेली.
हे काय, हे मीच की, म्हणाल्या.

ऑफिसात येऊन एक ओळ लिहिली:
तुलनेआधी सगळ्यांना एका रूपात आणा.
टिंबवाले तीनशे सतरा
निमूट पहिल्यात जाऊन बसले.
एक घर बसलं नाही.
नियमाच्या लेखी ते जोडचिन्ह चूक नव्हतं.

आदिनाथ म्हणाला, पुसून टाक ना, दिसत तर नाही.
म्हटलं, पुसलं तर सिंहगडाखालच्या दऱ्यांचा
दर्या होईल,
आणि लग्नातल्या आचाऱ्यांना
आचार्य म्हणून हार घालावे लागतील.
तो हसला. मग म्हणाला,
पण एका घरासाठी वेगळा नियम?

लिहिला.
सात ओळी, वर मराठीत शेरा:
पुढे येणाऱ्या कुणीही
ही ओळ फालतू समजून काढू नये.
खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख.
शेरा सेव्ह केला, पुन्हा उघडला,
आधी तोच नीट दिसतोय का पाहिलं.

रविवारी रात्री चढवलं.
सोमवारी नऱ्हे एकच होतं,
चार हजार चारशे तीस घरांचं,
आणि मी उगाचच
तिसरं नऱ्हे शोधून पाहिलं.
शून्य नोंदी.

गुरुवारी कुऱ्हाडेबाईंचा फोन.
बिल आलं हो, नावासकट, बरोब्बर.
मग थोडं थांबून,
पण यात हा दंड लावलाय
तीन वर्षांचा.
मी तर दर महिन्याला येत होते की.