चिठ्ठ्या

बसा जी. खाटेवर नोका, तिचा एक पाय लटपटते,
हा पाट घ्या.
डबा हाच. बिस्कुटाचा होता, पोरीच्या बारशाले आलेला.

नाव? त्यायचं नाव मी कशी घेऊ?
ये रे सुकरू, साहेबाले आज्याचं नाव सांग.
हं, लिवा: झिंगरू बकाराम नान्हे,
जात ढिवर, घर तलावाच्या पाळीखाली.
माहं कायले पायजे?
बरं. सगुना.
या घरात इतक्या मोठ्यानं कोनी घेतलं नाई ते कवा.

ही बोरूची, तोंडाशी मेन लावलेली. अडईची.
पहाटे शिंगाड्याच्या वेलात गळ्याएवढ्या पान्यात उभं राहाचं,
डोक्यावर मडकं, डोर्‍याले दोन भोकं,
आनि हळूच फुंकाचं.
पाखरू मडक्यापाशी येते, मडक्याले कोन भेते?
मंग खालून पाय.

ही बांबूची, हळदी-कुंकवाची.
ही बगळ्याच्या नळीची, तलवारबदकाले.
शिंगाची हे जाड, नकट्याची, घोगरी.
मंडईत लोक रातभर दंडार पाहत,
हे आपले शिकार्‍याइच्या घोळक्यात, हातात कोनाची तरी शिट्टी.
ह्या नळीपायी तीन पायल्या धान देऊन आले.
मी म्हटलं, धान फुकलं तुमी.
म्हणे, हो, फुकूनच पाहिलं.

मंग कायदा आला, गार्ड आला,
जाळे नेले, मडकं फोडलं.
डबा त्याले पोट्ट्याइचं खेळनं वाटला.

हे सारं तुमच्या चिठ्ठीवर लिवलं असन तुमी, पाखराचं नाव.
बराबर आहे.
पन त्यायच्या आंगावरून वारं गेलं ना जी,
डावी बाजू गेली, जीभ गेली,
उजव्या गालात फूक तेवढी राहिली.
तवापासून अडई म्हंजे पानी.
हळदी-कुंकू म्हंजे भूक लागली.
तलवारबदक, कूस बदलून दे.
नकटा म्हंजे भांडं आन, घाईनं आन.
हसा, हसा. शेजारीन बी हसे,
म्हणे, बदकं पोसले का वो घरात?
चार वर्सं.
मी दूर बांधीत रोवत असली तरी आयकू ये.
सासरी येऊन चाळीस वर्सं झाल्यावर
नवर्‍याची बोली शिकली मी.

पुसाच्या एका राती त्यायले तहान लागली.
अडई वाजवली.
मी गिलास घेऊन उठते, तं कौलावरून फडफड फडफड,
आख्खा थवा घरावरून फिरून गेला, दोन डाव.
मी तशीच उभी, पानी हातात.
ते अर्ध्या तोंडानं हसत होते.

ही?
हिची चिठ्ठी नोका लिवू.
पडल्या पडल्या केली, गुडघ्यात कांडं धरून,
एका हातानं. आठ दिवस लागले.
वाजवली.
मी पानी नेलं. मान हलवली, नाई.
भात नेला, नाई. भांडं, नाई.
गोधडी घातली, पाय दाबले,
दार उघडलं, दार लावलं.
पुन्हा वाजवली.
मी चिडली जी. म्हटलं,
मानसासारखं सांगा ना एकडाव!
तोंडातून गेलं ते.
मंग नाई वाजवली.
चौथ्या दिवशी गेले.

तुमी पाखराइचे जानकार. वाजवून पाहा.
...
दोन आखूड, एक लांब.
नाई ना? असं कोनतंच पाखरू नाई म्हनता,
ना आपल्या तलावावर, ना भाईरून येनारं.

आनि मी चुलीपाशी बसल्या बसल्या
'ओ' काऊन म्हटलं?

असू द्या. बारा घेऊन जा,
पैसे सुकरूजवळ द्या, त्याले वह्या घ्याच्या हायेत.
डब्याचं झाकन ठेवून जा, मले लागते.
चहा घ्या. पार निवला.