निळं मेण

मोठ्या देशांचे मेण लावायला ट्रक असतात.
आत दिवे, पंखे, बारा-बारा माणसं,
आणि बर्फाचा ताप मोजणारं एक यंत्र,
आमच्या शाळेच्या छपराच्या किमतीचं.

आम्ही तिघं.
तातुल, अरुस्याक आणि मी:
प्रशिक्षक, डॉक्टर, हमाल, मेणवाला,
एरवी ग्युम्रीच्या वरच्या अंगाला
एका गावात कवायत-मास्तर.
अर्धा कंटेनर आमचा,
अर्धा बोलिव्हियाच्या एकट्या पोराचा, एवेरचा.
मध्ये खडूची रेघ त्यानंच मारली
आणि त्यानंच पहिल्या रात्री बुटानं पुसली,
हीटर आमच्या बाजूला होता म्हणून.
मी त्याला जर्दाळू दिले. बी त्यानं खिशात ठेवली.

मेण वितळवायला बायकोची इस्त्री.
जळली तर तिकडेच राहा, म्हणाली होती,
आणि वायर जुन्या मोज्यात गुंडाळून दिली.

उद्घाटनाला झेंडा तातुलनं धरला.
आम्ही टीव्हीवर सहा सेकंद दिसलो,
गावात कुणीतरी मोजले.
अरुस्याकचा बाप, ट्रॅक्टरवाला,
फोनवर एवढंच म्हणाला,
टोपी वाकडी होती तुझी.

आमच्याकडे बर्फ पाच महिने असतो
आणि त्याचं कुणाला कौतुक नसतं.
दुधाची गाडी अडकते, शाळा बुडते.
नऊ वर्षांची ही पोर
भावाच्या बुटांत कागद कोंबून
शेजारच्या गावातून खमीर आणायची,
पिशवी अंगरख्याच्या आत, पोटाशी,
वाटेत गारठून मरू नये म्हणून.
तिला शिकवलं असं मी काही शिकवलं नाही.
फक्त घड्याळ लावलं.

शर्यतीची सकाळ. उणे सात.
घसरणीचं मेण इस्त्रीनं उतरवलं,
पकडीचं, निळं, बुचानं घासघासून.
हात भरून आले.
नऊ वाजून दहा मिनिटांनी धुकं उठलं
आणि हवा एकदम मऊ झाली,
दार उघडून कुणी आत यावं तशी.
ट्रकांतली माणसं बाहेर आली,
मुठीत बर्फ दाबून पाहिला,
धावत आत गेली.

माझ्याकडे लाल मेण होतं.
वीस मिनिटंही होती.
मी म्हटलं, आवळेल पुन्हा,
चाळीस हिवाळे पाहिलेत मी.

नाही आवळला.

पहिल्या चढावर तिचा पाय मागे सटकला.
मग दुसरा.
निळं मेण ओल्या बर्फाला धरत नाही,
हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.
ती माशाच्या काट्यासारखी पावलं टाकत
नुसत्या दंडांवर वर चढत राहिली,
मी कुंपणापाशी तिचं नाव ओरडत होतो
आणि मला वाटत होतं, तिनं ऐकू नये.

सत्त्याण्णव जणींत अठ्ठ्याऐंशी.
रेषेपलीकडे आडवी झाली,
उठली, थुंकी पुसली,
म्हणाली, दम कमी पडला, मास्तर.
तातुलनं तिची स्की उलटी करून
तळ पाहिला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पिशवीत घातली.
चेन लावायला त्याला फार वेळ लागला.

विमानात ती झोपली.
मला तिचं ते वाक्य पुरत होतं, उरतही होतं.

घरी रविवारी बायकोनं माझा सदरा काढला.
कॉलरवर निळी रेघ उमटली, बोटभर.
पाणी, मीठ, उकळता कागद, काही चालेना.
तिनं इस्त्री आपटली.
तुमचं मेण माणसाइतकंच चिवट, म्हणाली.

सोमवारी तोच घालून गेलो.
पोरांनी विचारलं, अरुस्याक चढावर का सटकत होती?
मी खडू उचलला, परत ठेवला.
मेण चुकलं, म्हटलं. मी चुकवलं.
वर्गात स्टोव्हचा आवाज तेवढा.
मग मागच्या बाकावरून,
नाक ओढत, कुणीतरी:
लाल लावायचं होतं ना?

हो, म्हटलं.
लाल.