आम्ही आणि आपण

सानपाड्याला आमच्या बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
अठरा महिन्यांसाठी राहायला आले हेकॉक पतीपत्नी.
तो एकाहत्तर, ती एकोणसत्तर.
सोसायटीच्या फॉर्मवर, व्यवसाय : सेवा.
सेक्रेटरींनी विचारलं, सर, इथे निवृत्त लिहू का?
म्हटलं, निवृत्त मी आहे. हे लोक पहाटे पाचला उठतात.

मंगळवारी, शुक्रवारी चार वाजता मी त्यांना मराठी शिकवतो.
फी घेत नाही, म्हणून लोर्ना केळ्याचा पाव आणते
आणि माझी साखर तपासायची तारीख पुढे ढकलली जाते.

इंदुमतीची अडचण निराळी :
माणूस दारात आला आणि चहा नको म्हणाला
तर त्याचं करायचं काय?
त्यांच्या चर्चमध्ये चहा चालत नाही. कॉफीही नाही.
दोन आठवडे ती बेचैन.
मग गवती चहाची पात, आलं, गूळ, दूध,
पत्तीचा कणही नाही.
"ह्याला काय म्हणतात?" वेंडेलने कप लांब धरून विचारलं.
"नावापुरता चहा," ती म्हणाली.
त्याने दोन कप घेतले.

दिवस त्यांचा अगदी साधा.
वाशीत पॅथॉलॉजी लॅबच्या वर भाड्याचा हॉल,
तिथल्या बेचाळीस खुर्च्या तो पुसतो.
एक डुगडुगते, तिच्यावर स्वतः बसतो.
बुधवारी दोघं जुईनगरला जातात,
तिथे त्यांच्या मिशनची चार पोरं राहतात,
विशीतली, छातीवर नावाची काळी पट्टी.
गॅसची नळी तपासायची, फ्रिज उघडून बघायचा.
करपलेली कढई लोर्ना स्वतःच घासते,
आजीसारखी नव्हे, हॉस्टेलच्या रेक्टरसारखी चिडून.

वेंडेलचं आयडाहोत बटाट्याचं शेत.
एकदा त्याला एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात नेलं.
गोणीत कोपरापर्यंत हात घातला, एक काढला,
अंगठ्याने साल खरवडली, वास घेतला,
आणि व्यापाऱ्याला त्याच्या आयुष्यातलं पहिलं
संपूर्ण मराठी वाक्य ऐकवलं :
"हा लवकर काढला आहे."
व्यापारी माझ्याकडे बघत राहिला.
किलोमागे दोन रुपये उतरले.

अडले ते एकाच जागी.
त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून एकच शब्द.
आपल्याकडे दोन दारं :
आम्ही म्हणजे तुम्ही बाहेर,
आपण म्हणजे तुम्हीही आत.
लोर्नाने पेन खाली ठेवलं.
"मग प्रार्थनेत कुठलं?"
म्हटलं, देवाशी बोलताना आम्ही,
माणसांशी बोलताना आपण.
व्याकरणाच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही.
मला त्या क्षणी सुचलं, मी बोलून गेलो.
तिने ते चौकट करून लिहून घेतलं.

फेब्रुवारीत वेंडेलचा धाकटा भाऊ गेला.
जाता आलं असतं. गेले नाहीत. मी कारण विचारलं नाही.
रात्री सव्वाला आमची बेल वाजली,
त्यांचं नेट बंद पडलं होतं.
आमच्या टीपॉयवर, मेथीच्या डब्याला टेकवून
फोन उभा केला.
तिकडे भर दुपार, बर्फ, काळे कोट,
कुणाचं तरी लहान मूल मध्येच कॅमेऱ्यात डोकावणारं.
वेंडेल टाय बांधून आला होता. पायात बूट.
बूट बाहेर काढायचे, हे तो कधी विसरला नव्हता.
इंदुमती काही बोलली नाही.

फोन काळा झाल्यावर
लोर्ना माझ्याकडे वळून, सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली :
"सर, आपला भाऊ गेला."

आमचा, हवं होतं.
एकोणचाळीस वर्षं मी वह्यांवर लाल शाई सांडली आहे.
तोंड उघडलं, मिटलं.
आत इंदुमतीने पात धुवायला घेतली होती,
नळाचा आवाज येत होता.

शुक्रवारी चारला दोघं वेळेवर आले.
धडा सतरावा, भविष्यकाळ.
वेंडेलने दाराबाहेर बूट काढले,
नाड्या नीट आत खोचल्या.
गृहपाठ मात्र केला नव्हता.